सावंतकाकांना हसवायचं नाही!

किस्से कधी साठतात, माहितीये? ज्याला सांगायचे, त्यालाच हसायची बंदी झाली की!

आमच्या सावंतकाकांच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली. आम्ही तिघं त्यांना भेटायला मुलुंडला गेलो, तर काकूंनी दारातच अडवलं. "त्यांनी बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही आणि हसायचं तर अजिबात नाही. तुम्ही गप्प बसणार असाल तर आत या."

आता आम्ही आणि गप्प! चहा पीत एकमेकांची तोंडं बघत बसलो. शेवटी काकांनी मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली.

'मयताक इलात काय?'

आम्ही तिघंही हसत सुटलो. काकूंनी आम्हाला उरलेल्या चहासकट बाहेर काढलं.

तर तेव्हापासून हे किस्से माझ्याकडे पडून आहेत. साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. देशोदेशीच्या चालीरीती, पुराणकथा, इंटरनेटवरची खुळं, यातलं जे ऐकून माणूस "काय सांगतेस!" म्हणेल त्याचे आम्ही छोटे व्हिडिओ बनवतो. वाशीमची प्राची कांबळे शोधते आणि खरं-खोटं तपासते, मी लिहिते, घाटकोपरचा जिगर एडिट करतो. आवाज काकांचा. बँकेतून रिटायर झाल्यावर आमच्याकडे आले आणि लोक आम्हाला त्यांच्या आवाजानेच ओळखायला लागले. तो आवाज पहिल्यासारखा परत येईल का, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते.

*

प्राचीने एकदा शोधून काढलं, जुन्या इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की घरचे सगळे शोक म्हणून भुवया भादरायचे. व्हिडिओ झकास चालला.

पुढच्या आठवड्यात प्राची पार्लरमधून आली. तिथली मुलगी नवी होती, तिने भुवयांची पार वाट लावली होती. काका उठले, तिच्यासमोर उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले,

"वाईट झाला गो. बोको होतो की मांजर?"

*

उत्तरेकडच्या थंड देशांत एक मेघगर्जनेचा देव आहे. त्याचा हातोडा एका राक्षसाने चोरला आणि बदल्यात नवरी म्हणून देवी मागितली. मग हा दाढीवाला देव स्वतःच नवरीचा वेष करून लग्नाला गेला आणि पंगतीत अख्खा बैल खाऊन बसला!

मी हे मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. काकांनी वाचलं आणि चष्मा काढला. "ह्यात नवल काय?"

"काका, देव साडी नेसून जातो, म्हणजे त्यांच्याकडची साडी, आणि तुम्हाला नवल नाही?"

"आमच्या गावाक दशावतारात द्रौपदी पडद्यामागे बसान विडी ओढता. माका कसला नवल!"

*

मग ते कुजबुजीचं खूळ आलं. कोणी हळू आवाजात बोलतंय, कोणी साबण कापतंय, कोणी केस विंचरतंय, आणि जगभर लोक कानात हेडफोन घालून ते ऐकत झोपी जातात. काकांनी नमुना म्हणून पोळ्या लाटायची कृती कुजबुजत वाचली. इतकी मऊ, की माझेही डोळे मिटायला लागले.

जिगर तर हेडफोन घालूनच झोपला. त्याचं घोरणं माईकमध्ये गेलं आणि घाईत तसंच अपलोड झालं. खाली पहिली कमेंट काय? "काकांचा आवाज छान. पण शेवटचा समुद्राचा आवाज तर अप्रतिम!"

*

मधमाश्यांचा किस्सा मला सगळ्यात जास्त लागतो.

इंग्लंडमधल्या खेड्यांत पूर्वी घरात लग्न झालं, कोणी गेलं, की पोळ्याजवळ जाऊन ती बातमी मधमाश्यांना सांगायची पद्धत होती. नाही सांगितलं तर त्या रुसून निघून जातात, असं म्हणत. रेकॉर्डिंग झालं आणि काका खिडकीपाशी गेले. समोरच्या इमारतीच्या सज्जाखाली मोठं पोळं लटकलेलं आहे. त्याच्याकडे बघून काका म्हणाले,

"बायांनो, माझ्या गळ्यात गाठ इली हा. ऑपरेशन करूचा लागतला. रुसा नकात."

आम्हाला हे तेव्हा कळलं! प्राची तिथेच रडायला लागली. काकूंना त्यांनी संध्याकाळी सांगितलं, आणि "आधी मधमाश्यांना सांगितलंत!" हे काकू त्यांना आजही ऐकवतात.

*

ऑपरेशननंतर काम थांबू नये म्हणून जिगरने मशीनचा आवाज लावला. मेक्सिकोत वर्षातून एकदा गेलेल्या माणसांसाठी त्यांच्या आवडीचं जेवण मांडून ठेवतात, त्यावरचा व्हिडिओ होता. मशीनने तो असा वाचला, जसा मॉलमध्ये सेल लागलाय!

खाली एका बाईंनी लिहिलं, "काका बरे आहेत ना? माझ्या आईला दिसत नाही. ती फक्त त्यांचा आवाज ऐकायला बसते."

जिगरने व्हिडिओ काढून टाकला. "फास्ट आहे यार, पण घरचा नाही वाटत," म्हणाला. ती कमेंट त्याने काकांना पाठवली. काकांचं उत्तर आलं, 'दुसरो आवाज बघा.'

*

पुढे डॉक्टरांनी थोडं थोडं बोलायला सांगितलं. काका गाळ्यात आले, मफलर गुंडाळून कोपऱ्यात बसले, पण तोंड उघडेनात. काय बाहेर येईल याची त्यांना भीती वाटत होती. आम्हालाही वाटत होती.

त्या दिवशी विषय होता कोकणातलं गाऱ्हाणं. गावातला जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' आमच्या खाली पत्रा ठोकायचं वर्कशॉप आहे, म्हणून रेकॉर्डिंग त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतच. ठोकाठोक थांबली आणि प्राची माईकसमोर जाऊन उभी राहिली.

"मी बौद्ध आहे, देवाकडे काही मागत नाही, हे काकांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण माईकशी बोलायला माझी काही हरकत नाही."

आणि तिने सुरू केलं. "बा माईका म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि जिगर.

"आज तुज्या म्होरं आमी समदे जमलो हाव!" तिचं मालवणी वाशीममार्गे आलेलं होतं.

"व्हय म्हाराजा!"

"आमचे सावंतकाका घाबरून कोपऱ्यात बसले हायेत. त्यांचो आवाज पयल्यासारखो नसलो तरी चालंल. फाटको असू दे, घोगरो असू दे. जसो असंल तसो आमाला तोच पायजे, म्हाराजा!"

जिगर मान खाली घालून हेडफोनची वायर सरळ करत बसला. आमचं दोघांचं 'व्हय म्हाराजा' राहूनच गेलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. खरखरीत, मधेच तुटलेला.

"व्हय... म्हाराजा!"

कोणी वळून बघितलं नाही. जिगरने हेडफोन कानावर नीट बसवले आणि मान वर न करताच म्हणाला,

"काका, जरा माईकच्या जवळ या ना!"