मी गाळलेली ओळ

नागपूरच्या घरात पहिल्या सकाळी मी नळ सोडला. धार बादलीच्या तळाशी जोरात वाजली आणि मी तिथेच मोरीच्या कडेला बसून हात जोडले. गावच्या मातामायचे, आमच्या गावदेवीचे, उपकार मानायचे होते. लग्न झाल्यापासून नऊ वर्षं मी तिच्या ओट्यावर पाणी घालताना एवढंच मागत आले होते, की या पाण्याच्या ओझ्यातून सोडव. तिनं सोडवलं होतं. पण शब्द तोंडाशी येऊन थांबले. मी म्हणेन ते तिच्यापर्यंत पोचणार नाही, असं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ जाणवलं. पुढे वर्षभर मला मनापासून हात जोडता आले नाहीत. कारण मला ठाऊक होतं. आजवर ते एका माणसाशिवाय कुणाला सांगितलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

माझं सासर नवेगाव बांधाजवळच्या एका लहान गावात. घरची थोडी धानाची शेती. माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, माझ्या लग्नानंतर दोन वर्षांतच तापानं गेले. सासूबाई त्याही आधीच गेल्या होत्या. यजमान नागपूरला एका छापखान्यात जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. तिथे खोली मिळेना म्हणून एकटेच राहत, सणावारी येत. सासरे गेले त्या हिवाळ्यात आम्ही शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला, दिली. घरात उरलो आम्ही तिघी: मी, माझी चार वर्षांची मुलगी आणि माझी विधवा थोरली जाऊ. तिला मी बाई म्हणत असे.

बाईला मूलबाळ नव्हतं. बोलणं कमी, आणि बोलली तर सरळ, कधी टोचेल इतकं सरळ. गावची विहीर आमच्या घरापासून दुसऱ्या टोकाला. उन्हाळ्यात तिचं पाणी तळाला जायचं. बाई डोक्यावर पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, घेऊन यायची, मला एकच घेऊ द्यायची. माझ्या बाळंतपणानंतर मला महिनाभर ताप होता, तेव्हा तिनंच मुलीला अंगाशी घेतलं. ती सवय मग सुटली नाही. मुलगी तिच्याच कुशीत झोपायची. पडली, लागलं, की आधी "मोठीमाय" म्हणून रडायची, मग मला हाक. लोक कौतुकानं म्हणत, पोरीला दोन माया आहेत. मी हसत असे, पण आत काहीतरी दुखायचं. मला वाटायचं, एकदा आपलं वेगळं घर झालं की ही माझी होईल.

होळीच्या आधी यजमानांचं पत्र आलं. बाई ओसरीत सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिला अक्षरओळख नव्हती, मी माहेरी दवनीवाड्याला चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "वाच मोठ्यानं."

मी वाचू लागले. यजमानांचं अक्षर छापल्यासारखं. वर कोपऱ्यात नव्या जागेचा पत्ता होता. दोन खोल्या मिळाल्या आहेत, घरातच नळ आहे, विजेचा दिवा आहे, पाडवा झाला की या. मग पुढची ओळ आली. "वहिनीलाही बरोबर आणावे, तिचे आता तिथे कोण आहे, जागा पुरेल." माझ्या डोळ्यांनी ती वाचली. तोंडानं वाचली नाही. तोंड तिच्यावरून उडी मारून पुढच्या ओळीवर गेलं, "मुलीला प्रवासात जपावे." हे मी आधी ठरवलं नव्हतं. एवढंच माझ्या बाजूनं सांगता येतं, आणि ते काही फार नाही.

बाईचे हात थांबले. "आणखी काही नाही लिहिलं?"

"नाही."

"बरं." तिनं सूप पुन्हा उचललं. थोड्या वेळानं म्हणाली, "नळ म्हणजे घरातच पाणी काय?"

"हो."

"बरं झालं तुह्यासाठी, लहाने."

पत्र मी कोनाड्यात ठेवलं. निघायच्या दिवशी बाई बैलबंडीत बसून स्टेशनपर्यंत आली. लाखोळीच्या डाळीचं गाठोडं तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. अरुंद रुळांवरची छोटी गाडी आली तेव्हा मुलीनं तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला होता. तिची बोटं मीच एकेक करून सोडवली. नागपूरला यजमानांनी विचारलं, "वहिनी कुठे आहे?" मी म्हणाले, "त्या येत नाही म्हणाल्या. घर सोडवत नाही त्यांना." त्यांनी सामान उचललं. मग एवढंच बोलले, "तू आणखी एकदा विचारायला हवं होतंस."

शहरातलं सुख मी खोटं म्हणणार नाही. ते खरं होतं आणि माझ्या हाडांना कळत होतं. बटण दाबलं की खोली उजळायची. काच पुसायला नको, काजळी नको. दळण गल्लीच्या तोंडाशी चक्कीवर. स्टोव्ह पेटवला की धुराशिवाय चहा. पहिल्या पावसाळ्यात मी कोरड्या पायांनी घरात उभी होते आणि आठवलं, गावी आता रोवणा, धानाची लावणी, चालू असेल, बाई मजुरीनं कुणाच्या तरी शेतात गुडघाभर चिखलात वाकली असेल. प्रत्येक सुखाच्या पाठीमागून ती अशी यायची. नळ सोडला की तिच्या मानेवरची ताणलेली शीर दिसायची. उपकार मानायला जावं आणि उपकारातला अर्धा वाटा दुसऱ्याच्या ताटातून ओढलेला आहे हे आठवावं, असं रोज व्हायचं. वेगळं घर झालं, पण मुलगी काही अधिक माझी झाली नाही. कितीतरी दिवस ती दाराकडे तोंड करून झोपायची. अशातच एकदा ध्यानात आलं की ते पत्र कोनाड्यातच राहिलं आहे.  बाईला वाचता येत नाही, हाच माझा आधार उरला. एका माणसाच्या अडाणीपणावर आपलं घर उभं आहे, हे कळल्यावर त्या घरात शांत झोप येत नाही.

दुसऱ्या वर्षी चैत्राच्या अखेरीस मला मुदतीचा ताप आला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे धरून चाला. यजमानांनी रजा काढली, ती आठवड्याभरात संपली. शेजारीण डाळ-भात करून द्यायची, पण तिला लग्नासाठी माहेरी जावं लागलं. त्यानंतरच्या दिवसांत सकाळी यजमान उशाशी पाणी, औषध ठेवून कामावर जात आणि मी व पाच वर्षांची मुलगी घरात उरत असू.

असाच एक दिवस. दुपार चढलेली. उशाचं पाणी मुलीच्या हातून सांडलं होतं. नळ माझ्या खाटेपासून सात-आठ पावलांवर. पाणी आलं होतं, मोरीत थेंब थेंब वाजत होतं. मला ऐकू येत होतं आणि उठता येत नव्हतं. मुलीनं पेला भरून आणला, पण मला टेकवून पाजणं तिला कसं जमावं? अर्धं पाणी गळ्यावरून उशीत गेलं. ती घाबरून रडायला लागली. घरात पाणी होतं, दिवा होता, सगळं होतं, पाठीखाली घालायला एक हात नव्हता. तो हात मीच मागे ठेवून आले होते. त्या दिवशी वर्षभरानंतर माझे हात जोडले गेले. मी म्हणाले, माय, माझं काय व्हायचं ते होऊ दे, मी तुला काही सांगण्याजोगी नाही. या लेकराजवळ कुणाला तरी धाड. यापलीकडे माझ्यात काही उरलं नव्हतं. मी सगळं सोडून दिलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मुलीचं रडणं एकाएकी थांबलं आणि तिचा आवाज आला, "मोठीमाय." तापात भास होतात, मुलीलाही होत असतील, असं मला वाटलं. मग पाठीखाली एक खरखरीत हात आला, त्यानं मला उचलून टेकवलं, आणि ओठांना पेला लागला. "हळूहळू पी. कोणी पळवून नाही राहिलं," बाई म्हणाली.

तिला कुणी कळवलं नव्हतं. यजमानांनी पत्र टाकलं नव्हतं, गावचं कुणी इकडे आलं नव्हतं. त्यांनी संध्याकाळी विचारलं तर ती म्हणाली, "तीन रोजापासून घास उतरत नव्हता. वाटलं, पोरीले पाहून यावं." याहून जास्त ती त्यावर कधी बोलली नाही. ज्या बाईनं जन्मात आगगाडीत पाय ठेवला नव्हता, ती छोटी गाडी, मग गोंदियाला मोठी गाडी, असं करत आमच्या दारात आली होती.

पुढचे वीस दिवस तिनं माझं सगळं केलं. माझं अंग पुसलं, पेज भरवली, केसांतल्या जटा सोडवल्या. मी थोडी बसू लागले तशी खाटेवरून तिला पाहत असे. नळाखाली ती नुसताच हात धरून उभी राहायची. एकदा तिनं दिव्याचं बटण दोनदा दाबून पाहिलं आणि मी बघते आहे हे कळताच लाजून हसली. एका सकाळी घरातली सगळी अंथरुणं धुऊन वाळत घातल्यावर ती म्हणाली, "सुख आहे बापा इथं." तिच्या मनात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी मी तिला सांगितलं. यजमान कामावर होते, मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. मी म्हणाले, "बाई, त्या पत्रात तुमचंही लिहिलं होतं. तुम्हालाही बोलावलं होतं. मी ती ओळ वाचली नाही."

ती मुलीच्या केसांतून हात फिरवत राहिली. "मालूम आहे मले."

"कसं?" मी विचारलं.

"गोंदियाले उतरली तं मोठी गाडी कोणती, समजेना. एक बाई भेटली. चष्मेवाली, पांढऱ्या लुगड्यातली. हिंदी बोले. कहाँ जाना है म्हणे, पता है क्या? मी कोनाड्यातली चिठ्ठी घेऊन आली होती, पता त्याच्यावरच होता ना. तेच दिली. ती माह्यासंगंच गाडीत बसली. बसल्या बसल्या तिनं सारी चिठ्ठी वाचून दाखवली, पयल्यापासून." बाईनं मुलीच्या कपाळावरचा घाम पुसला. "तिले कायचं मालूम."

"मग परत काऊन नाही गेल्या, बाई?"

"भंडाऱ्याच्या ठेसनावर उतरून जावं वाटलं. गाठोडं घेऊन उठली बी होती. ती बाई म्हणे, अभी नहीं आया, आगे जाना है. मंग बसली."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या चष्मेवालीनं दार दाखवलं आणि ती निघून गेली. कोण, कुठली, बाईनं विचारलं नव्हतं. मी बरी झाल्यावर चक्कीवाल्याला, समोरच्या दुकानदाराला विचारलं. अशी कुणी त्यांना आठवत नव्हती. रस्त्यावर दुपारची रहदारी असते, कुणाचं लक्ष असणार? मी त्यावर वाद घालत नाही. इतकं मात्र मला दिसतं, की ते पत्र मी फाडून टाकलं असतं तर बाईजवळ पत्ता राहिला नसता. माझं खोटं उघडं पाडणारा कागदच तिला माझ्या दारापर्यंत घेऊन आला. मी मातामायकडे माझं पाप झाकायला कधी मागितलं नव्हतं, पण मनातून इच्छा तीच होती. तिनं झाकलं नाही. उघडं करून, वर पाणी पाजलं.

यजमानांनाही सांगावं असं मी बाईला म्हणाले, तर ती म्हणाली, "कायले? तो तुह्यावर रागावंल, अन् माह्यं काय भलं होईल?" त्यांना मी आजवर सांगितलेलं नाही. तिनं दिलेली मोकळीक मी घेतली. हेही माझ्याच नावावर.

मृग लागायच्या आत ती परत निघाली. मी तिचे पाय धरले, इथेच राहा म्हणाले. यजमानांनीही खूप आग्रह केला. तिनं गाठोडं बांधलं. यजमान टांगा आणायला गेले तेव्हा तिनं मला एकटीला सांगितलं, "तवा आली असती मी. लय मन होतं माह्यं. पोरीबिगर घर खायले उठे. मंग रोज थोडं थोडं करून मन मारलं. आता ते काही परत येत नाही, लहाने." तिचा आवाज रागाचा नव्हता. धान कसं झालं हे सांगावं, तसं तिनं ते सांगितलं.

त्यानंतर दर वर्षी उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन गावी जाते. दर वर्षी म्हणते, बाई, चला. ती चहा ठेवते, मुलीला जवळ बसवते, आणि हसून मान हलवते. केलेली चूक तिनं केव्हाच पोटात घातली, पण तिचं ते मारलेलं मन मला जिवंत करता आलं नाही. क्षमा मिळाली म्हणजे झालेलं पुसलं जातं असं मी समजत होते. तसं होत नाही. आपण फक्त तोंड वर करून बघण्याइतके मोकळे होतो.

मातामायकडे आता मी काही मागत नाही. जे हवं म्हणून मागितलं, ते हाती आल्यावर मी कशी वागले हे तिनं पाहिलं आहे. आणि जे मागायची माझी लायकी नव्हती, ते तिनं कोणाच्या तरी मनात तीन दिवस घास अडकवून माझ्याकडे पाठवलं. यंदा मी गावी गेले तेव्हा मुलगी ओट्याशी उभी राहून म्हणाली, "माय, तू डोळे मिटून काय म्हणतेस?" मी तिला सांगितलं, "मोठीमायचं नाव घेते." ती म्हणाली, "देवीचं नाही?" मी थोडा विचार केला, आणि खरं तेच सांगितलं, की मला त्या दोघींची नावं आता वेगळी घेता येत नाहीत.