आमचं माणूस

माझी मावशी बावीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळचं टेबल आणि हातात लाल पेन. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक तिच्या तावडीतून सुटत नसे. ऑफिसात तोंडावर तिला सगळे 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'व्याकरण'.

शनिवारच्या पानावर नुकत्याच वारलेल्या एखाद्या साध्या माणसाची ओळख छापून यायची. तीही मावशीच लिहायची. शिंपी असो की शिक्षक, तिच्या लेखात तो मितभाषी, कष्टाळू आणि मनमिळाऊच असायचा. घरच्यांनी सांगितलेलं ती जणू इस्त्री करून घ्यायची. 'खूप राबले' असेल तर 'अविरत परिश्रम घेतले', 'कधी ओरडले नाहीत' असेल तर 'शांत स्वभावाचे होते'. याला ती आपल्या शब्दांत लिहिणं म्हणायची. कुणाची तक्रार येत नसे, पण कुणाचं पत्रही येत नसे.

मग तिथं एक नवी बाई नोकरीला लागली. आधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, म्हणून तिचं नाव 'एक्स्चेंज'च पडलं. वय मावशीएवढंच, शुद्धलेखन यथातथा, हसणं मात्र जिन्यापर्यंत ऐकू जाणारं. मावशी आठवडाभर तापानं आजारी होती तेव्हा संपादकांनी शनिवारचं पान एक्स्चेंजला दिलं, आणि मावशी बरी होऊन आल्यावरही ते एक्स्चेंजकडेच राहिलं.

एक्स्चेंजचा पहिलाच मोठा लेख दवाखान्यातल्या लिफ्टमनवर होता. नोकरी, वर्षं, मुलंबाळं हे सगळं तिनं चार सरळ वाक्यांत आटोपलं होतं. मग अवतरणचिन्हांत त्याच्या बायकोचं बोलणं होतं: "दिवसभर लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं. घरी आले की म्हणायचे, आता मला कुणी हलवू नका. आमचा माणूस एकदा खुर्चीत बसला की बसला. आता ती खुर्ची मलाच हलवता येत नाही."

त्या आठवड्यात सतरा पत्रं आली. संपादकांनी ती टेबलावर पसरून मोठ्यानं वाचली. मावशीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन माझ्या आईला म्हणाली, "लोक असं बोलतात का कधी? सगळं मनचं घातलंय तिनं. मी बावीस वर्षं ऐकतेय, मला नाही कुणी असं सांगितलं!"

आई म्हणाली, "तू विचारलंस कधी?"

दुसऱ्याच दिवशी मावशी लिफ्टमनच्या घरी गेली. सांत्वन हे निमित्त होतं. खरं तर तिला त्याच्या बायकोच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, की मी असं काही म्हटलंच नव्हतं.

लिफ्टमनच्या बायकोनं कात्रण कपाटातून काढून दाखवलं. "अगदी माझंच बोलणं आहे," ती म्हणाली. मावशीचा चेहरा उतरला. "फक्त एक चुकलंय हो. मी 'आमचं माणूस' म्हटलं होतं. जन्मभर तसंच म्हणत आले. इथं 'आमचा माणूस' आलंय. वाचताना दुसऱ्याच कुणाचा नवरा वाटला."

मावशी तिथून तडक ऑफिसात आली. जिने चढताना धाप लागली तरी थांबली नाही. संपादकांच्या टेबलासमोर, एक्स्चेंजच्या देखत म्हणाली, "साहेब, अवतरणचिन्हांत माणसाचा शब्द जसाच्या तसा ठेवायचा असतो. यांनी त्या बाईचा शब्द बदललाय. मी स्वतः विचारून आलेय."

एक्स्चेंजनं पिशवीतून वही काढली आणि पान उघडलं. घाईघाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आमचं माणूस'. मग तिनं रद्दीच्या गठ्ठ्यातून त्या आठवड्याचं मुद्रित शोधून काढलं. त्यावर 'आमचं'वरचा अनुस्वार लाल शाईनं खोडून नीटस काना दिला होता. 'बसलं'चंही 'बसला' केलेलं होतं. समासात मावशीची सही होती.

एक्स्चेंज हळूच म्हणाली, "मी छापून आल्यावर पाहिलं. म्हटलं, व्याकरण तुम्हालाच कळतं."

"दुरुस्ती तुम्हीच लिहा, ताई," संपादक म्हणाले.

मावशीनं तीन ओळींची दुरुस्ती लिहिली. चूक मुद्रितशोधकाची होती, असं त्यात स्पष्ट होतं. ते वाक्य तिला कुणी लिहायला लावलं नव्हतं. मग तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिनं एक्स्चेंजला रागातच विचारलं, "एवढ्या बोलण्यातलं ठेवायचं कुठलं, हे कसं कळतं तुम्हाला?"

"जे मी सांगितलं तरी तेवढंच कळेल, ते मी सांगते. वही मिटते, कुणाला तरी तोंडी सांगून बघते आणि मग लिहिते. वहीकडे बघत लिहिलं की नुसते शब्द बदलले जातात. आणि जे माझ्या तोंडी गेलं की मरतं, तिथं त्यांनाच बोलू देते. तेही थोडंच."

हे सांगताना ती हसत होती, याचा मावशीला वेगळा राग आला. पण तिनं ऐकलं. संपादकांनी एकाआड एक शनिवार दोघींना वाटून दिला.

मावशीचा पुढचा लेख छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यावर होता. त्याच्या मुलीसमोर ती दोन तास बसली, एकदाही मध्ये बोलली नाही. लेखात अवतरण एकच होतं: "आभाळ भरून आलं की लोक वर बघायचे. बाबा लोकांच्या छत्र्यांकडे बघायचे."

पत्रं पाच आली. पुढच्या शनिवारी एक्स्चेंजला नऊ आली, हे मावशीनं मोजलंच. पण त्याआधी तिनं एक गोष्ट पाहिली होती. ताजा अंक हातात घेऊन एक्स्चेंज उभ्याउभ्याच तो लेख वाचत होती, आणि वाचता वाचता छत्र्यांचं ते वाक्य तिनं आपल्या वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी मावशी घरी आली ती चप्पल न काढताच आईला सांगू लागली, "तिनं माझं वाक्य उतरवून घेतलं!"

आई भाजी निवडत होती. "तुझं कुठलं गं? ते तर त्या मुलीचं."

"तिचंच," मावशी म्हणाली. "पण ऐकलं कुणी?"