बिनआवाजाची कडी

पिशवीवाल्या ताई पहिल्यांदा धाकटीच्या घरी आल्या, तेव्हा मी मुद्दाम दारातच खुर्ची टाकून बसलो होतो. मला फसवणारा अजून जन्मायचाय. शिक्षण आठवी, पण माणूस आणि लाकूड, दोन्ही नुसतं ठोकून ओळखतो.

धाकटीनंच फोन केला होता. "दादा, ये लवकर. कोणी बाई येणारेत. टिल्लीला घेऊन जातील."

टिल्ली माझी भाची, सहा वर्षांची. वर्गात कुणी खुर्ची जोरात सरकवली तरी बाकाखाली घुसते, म्हणून शाळेनं बालकल्याण समितीच्या या बाईंना कळवलेलं. पोर घाबरट आहे, एवढंच. त्यासाठी कुणी घरी माणूस धाडतं?

मेहुणा कामावर होता. ताई आल्या. पन्नाशीच्या, चप्पल एका बाजूनं झिजलेली, खांद्याला कापडी पिशवी. पाणी विचारलं तर म्हणाल्या, "आहे माझ्याकडे." तिथंच माझा संशय पक्का. पिशवीत सही घ्यायचे कागद असणार.

"किती वर्षं चाललंय हे?" मी विचारलं.

"एकवीस."

"आणि घरं किती मोडली?"

"मोडल्यावरच बोलावतात हो. तुम्ही सुतार ना? तुमचंही तसंच असेल."

ज्याच्या तोंडात उत्तर तयार, त्याच्यावर मी भरवसा ठेवत नाही.

पिशवीतून निघाले रंगखडू. ताई जमिनीवर फतकल मारून बसल्या. घरच्यांबद्दल अवाक्षर नाही. म्हटलं, आडून आडून येतेय बाई. अर्ध्या तासानं विचारलं, "टिल्ले, या घरात तुझी आवडती जागा कुठली?"

टिल्लीनं त्यांना बोट धरून सामानाच्या खोलीत नेलं. मी मागोमाग. दाराला आतून, तिच्या उंचीवर, कडी.

"मामानं लावली," टिल्ली म्हणाली.

आता मी गप्प बसतोय होय? "पितळी आहे. एका बोटानं सरकते. आवाज काढून दाखवा, सांगाल ते देतो!"

ताईंनी सरकवली. हूं नाही की चूं नाही. "आवाज नको असं कुणी सांगितलं होतं?"

"हिनंच. खेळायला हवी म्हणाली..."

खेळायला कडी मागेल पोर. बिनआवाजाची कशाला मागेल?

"पप्पा ओरडले की मी आत जाते," टिल्ली खडूनं दारावर रेघ ओढत म्हणाली. "आई दोनदा टकटक करते, मग बाहेर यायचं. एकदा केलंच नाही. आई खाली पडलेली होती."

मी धाकटीकडे पाहिलं. भुवईला कपाटाची कड लागली म्हणाली होती. कपाट माझ्या हातचं. मी शहाणा, दुसऱ्याच दिवशी येऊन त्याच्या कडा तासून दिल्या होत्या.

तिथलीच हातोडी उचलली आणि निघालो मेहुण्याकडे. ताई दारात आडव्या.

"तुम्ही त्याला हाणाल. मग तुमचा आवाज चढला की हिनं कुठं लपायचं?"

हातोडी खाली ठेवली. कुणाच्या सांगण्यावरून मी ती कधी ठेवलेली नाही.

"तुम्हाला काय हवंय?" ताईंनी धाकटीला विचारलं.

"टिल्लीला माझ्यापासून तोडू नका. बाकी काहीही करा."

"दोघींना एकत्र ठेवायलाच आलेय. पण खरं सांगावं लागेल, सगळं."

धाकटीनं सांगितलं. पोलीस, कोर्ट, प्रत्येक ठिकाणी ताई तिच्यासोबत चालल्या, त्याच चपलेत. दोघी आता माझ्याकडे असतात. दर गुरुवारी ताई येतात, टिल्लीबरोबर चित्रं काढतात. अजूनही मी त्या पिशवीत डोकावतो. खडूच असतात.

परवा फळ्या वेळेवर न देणाऱ्याला फोनवर झापत होतो. टिल्ली सुर्रकन टेबलाखाली. मग डोकं बाहेर काढून म्हणाली, "मामा, हळू बोल ना. मला भीती वाटते."

मी फोन ठेवून दिला. आमच्या घराण्यात मला तोंडावर गप्प करणारी ही पहिलीच.