निळ्या शर्टाचं दुपटं

आमच्या केराच्या टोपलीत हात घालणारी ती एकटीच बाई. विचारणं नाही, लाजणं नाही. सकाळी मी टोपली घेऊन उकिरड्याकडे निघाले, की शेजारच्या पडवीतून हाक यायची, "थांबा बाई, टाकू नका!" मग टोपलीत हात घालून ती वर काय काय काढायची. दोऱ्याचं रीळ, बुटाची नाडी, लग्नपत्रिका. "ह्याचं काय तरी हुईल की," म्हणायची आणि पदरात टाकायची.

केडगावात स्टेशनच्या अलीकडे आमची दहा घरांची आळी होती. मी शाळेत शिकवायची, म्हणून ती मला बाई म्हणे. मी तिला मावशी म्हणायची. तिचा नवरा, अण्णा, रेल्वेत गँगमन. दर रविवारी दोघं चर्चला जात, तो इस्त्रीच्या शर्टात आणि ती तीच एक पांढरी साडी नेसून. एकुलती मुलगी दौंडला दिलेली.

मावशीच्या घरातून कधी कचरा निघाला नाही. अतिशयोक्ती वाटेल तुम्हाला, पण मी दहा वर्षं शेजारी काढली आहेत. तांदळाचं धुवण कढीलिंबाला, चहाचा चोथा गुलाबाला, शिळी भाकरी शेळीला, चुलीची राख भांड्यांना. नवऱ्याच्या विजारी गुडघ्यात गेल्या की त्यांच्या बाजाराच्या पिशव्या. दुधाच्या पिशव्या नव्याने आल्या, तेव्हा तिने त्याही धुऊन दोरीवर चिमट्याने टांगल्या. "मावशी, पताका कसल्या लावल्यात? लग्न काढलंय का?" आम्ही बायका चिडवायचो. ती म्हणायची, "हसा. पावसाळ्यात काड्याची पेटी ठेवायला मागायला याल." आणि आम्ही जायचोच!

तिचं खरं काम दुपट्यांचं. आळीत कुणाला दिवस गेले, की सातव्या महिन्यात ती दारात हजर. मला दिवस होते तेव्हा आली ती थेट सासऱ्यांचं धोतर मागत. मी पुण्याहून मऊ नवं फ्लॅनेल आणवलं होतं. तिने ते दोन बोटांत चोळून परत ठेवलं.

"नवं कापड टोचतं पोराला. घरातल्या परत्येकाचं एक जुनेर द्या. आन् आजाचं पायजेच."

"आजोबांचं कशाला?"

"आवं, आजाच्या धोतरावर निजलं की पोराला आजा कळतो."

माझे सासरे मुलगा दीड महिन्याचा असताना गेले. पण त्यांच्या धोतरावर तो चांगला दोन वर्षं झोपला. त्यानंतर मी कधी तिला हसले नाही. निदान त्या बाबतीत तरी नाही.

मग तिचा नवरा गेला. कामावरच छातीत कळ आली आणि संपला. आणि दोन वर्षांनी, लग्नाला नऊ वर्षं होऊन गेल्यावर, मुलीला दिवस राहिले. मावशी मला सांगायला आली ती रडत, हसत. "बाई, त्यानं बघितलं न्हाई हो नातवंड. तेवढंच राह्यलं बघा त्याचं." दुसऱ्या दिवशी ती चार दिवसांसाठी मुलीकडे दौंडला गेली.

नेमकी तेव्हाच गावात ग्रामस्वच्छतेची स्पर्धा आली. मंगळवारी तपासणीला समिती येणार होती. आमच्या आळीची जबाबदारी माझ्यावर. मला तर अशा कामाची हौसच! नऊ घरं चकाचक झाली आणि राहिली एक मावशीची पडवी. डबे, करवंट्या, नाड्या, पताका, आणि कोपऱ्यात जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गठुडं. ते मी सोडून पाहिलं, हे मला लपवायचं नाही. आत ग्रीसचे डाग पडलेले निळे शर्ट होते. अंगात घालण्याजोगा एकही नव्हता. म्हटलं, चिंध्याच तर आहेत. मागच्या मोकळ्या जागेत ढीग केला आणि काडी मीच ओढली. पडवीला चुना दिला, रांगोळी घातली. आमच्या आळीला पहिला नंबर मिळाला. ज्या एका घरातून कधी कचरा निघाला नाही, ते घर मी स्वच्छ केलं होतं.

बुधवारी मावशी परतली. पडवीत उभी राहून तिने आधी कोपऱ्याकडेच पाहिलं.

"बाई, आन् माझं गठुडं?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं, की ते कुणाचे शर्ट होते आणि ती ते कशासाठी राखून बसली होती. तिने कोपऱ्यातल्या ओल्या चुन्यावर हात फिरवला. मला वाटलं, आता चार शिव्या घालील. घालायला हव्या होत्या.

"समदेच जाळले?"

"हो मावशी. चुकले मी. पाया पडते तुमच्या."

"पाया नका पडू. तुम्हाला काय ठावं." आणि ती मागच्या बाजूला गेली. बराच वेळ काठीने राख उकरत होती. दोन गुंड्या सापडल्या, त्याही वितळलेल्या.

आठवडाभर ती कुणाशी बोलली नाही. मग एका दुपारी माझ्या दारात आली. खाली बघतच म्हणाली, "तुमच्या मालकांचा एखादा जुना निळा शर्ट हाय का?"

मी ट्रंक उघडली. काढून दिला. त्यावर तिने चुलीवरच्या कढईचं काळं बोटाने लावलं, दोनदा धुतला, उन्हात टाकला. दुपट्याच्या अगदी मधोमध तो तुकडा बसवला. टाके इतके बारीक, की मी तसे तिच्या हातचे कधी पाहिले नव्हते.

लेक बाळंतपणाला आली, तिला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी तिने दुपटं उलगडून विचारलं, "आई, ह्यात अण्णांचं काय हाय?"

"त्यो काय मधी, निळा."

मुलीने वाकून तो तुकडा नाकाला लावला. "अजून वास येतो बघ त्यांचा." मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं तोंडात पदर कोंबून रडले.

ह्या गोष्टीला वर्षं झाली. मावशी शेवटी दौंडला मुलीकडेच होती आणि तिथंच गेली. माती द्यायला मी पोचले नाही. आठव्या दिवशी भेटायला गेले, तेव्हा मुलीने कपाटातून बायबल काढलं. दुपटं कधीच विरून गेलं होतं. पण मधला तुकडा तिने उसवून पानांत घडी घालून ठेवला होता.

"बाई, तुम्ही तर अण्णांना रोज बघायचा. हाच ना वो त्यांचा शर्ट?"

तुकडा मी हातात घेतला.

"हाच," मी म्हणाले.