शरणार्थी, पावणं!

देवावर माझा विश्वास होता, पण सरकारी कचेरीवर असतो तसा. म्हणजे काम होईल, फक्त अर्ज नीट लिहिला पाहिजे आणि खेटे घातले पाहिजेत. मी स्वतःच कोल्हापुरात एका कचेरीत कारकून, त्यामुळे दुसरी रीत मला माहीतच नव्हती. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मला साखरेचं दुखणं निघालं. वय पंचेचाळीस. माझ्या वडिलांचा पाय याच दुखण्यानं गुडघ्यापासून गेला होता. त्यानंतरची सगळी वर्षं ते चंदगडकडच्या आमच्या घरात, पुढच्या सोप्यात बसून नुसते पावसाकडं बघत राहिले. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात दिला तेव्हा मला त्यातले आकडे दिसलेच नाहीत, तो सोपा दिसला. त्या दिवसापासून फाईल वाचता वाचता टेबलाखाली माझा एक हात पाय चाचपत असायचा. आहे ना, याची खात्री करायला.

डॉक्टर म्हणाले, चाला. पण रंकाळ्याला फेऱ्या मारायला गेलं की ओळखीचे लोक भेटतात आणि चालण्याऐवजी भेळ होते. म्हणून शेजारच्या टेबलावरचा बापू आणि मी, आम्ही एक शक्कल काढली. रविवारी सकाळची मिरजेची पॅसेंजर धरायची, मधल्या कुठल्यातरी स्टेशनावर उतरायचं, दिवसभर चालायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. कधी रुकडीला उतरून पंचगंगेच्या काठानं, कधी हातकणंगल्याहून डोंगराकडं. असंच चालत एकदा आळत्याच्या डोंगरातल्या रामलिंगाला पोचलो. कातळातली गुहा, आत पिंड आणि पिंडीवर वरच्या दगडातून थेंब थेंब पाणी. हे पाणी उन्हाळ्यातही पडतं म्हणतात. बापू हात जोडून मोकळा झाला. मी मात्र तिथंच अर्ज दाखल केला. विषय : पाय वाचवण्याबाबत. अटी : अकरा रविवार स्टेशनापासून चालत येईन, अकराव्या खेपेला निरंकार उपास धरीन, त्या मोबदल्यात साखर उतरावी. देवानं हो म्हटलं की नाही हे विचारायची कारकुनाला गरज वाटत नाही. आवक नोंद झाली, की काम सुरू झालं असं तो धरतो.

दहा खेपा पार पडल्या. त्या साली महाशिवरात्र नेमकी रविवारी आली आणि माझी अकरावी खेप त्याच दिवशी पडली. मी म्हटलं, ही मंजुरीच! बापू म्हणाला, "आरं, शिवरात्रीला तिथं पाय ठेवायला जागा नसती. पुढच्या रविवारी जाऊ की. द्येव काय पळून जातोय व्हय?" मी एकटाच निघालो आणि घरी बायकोला सांगितलं, बापू सोबत आहे. उपासाचं तर बोललोच नाही, कारण डॉक्टरांनी तिच्यासमोरच बजावलं होतं, "गोळी घेतली की जेवायचंच." सकाळी मी गोळी इमानानं घेतली आणि उपासही इमानानं धरला. दोन्हीकडं इमान राखणारा माणूस कसा गोत्यात येतो, ते पुढं सांगतो.

हातकणंगल्याला उतरलो तर सगळी गर्दी डांबरी रस्त्यानं निघालेली. दहा खेपांचा अनुभवी माणूस गर्दीत कसा चालेल? मी उसातून आडवाट धरली. तासाभरात वाट हरवली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, मधे पाटाची कोरडी सरी आणि वर ऊन. मग हाताला कंप सुटला. कपाळावर घाम आला, तोही गार. अंगावर काटा उभा राहिला, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं सगळं विरघळल्यासारखं झालं. आता इथं शहाण्या माणसानं घाबरायचं असतं. पण मी पोथ्या वाचलेला. कंप, स्वेद, रोमांच, अश्रू, ही तर सात्त्विक भावांची यादी! मला भरून आलं. अकरा खेपांचं फळ आलं, आता दर्शन होणार, असं वाटून मी उसात उभ्या उभ्या हात जोडले. खोटं कशाला बोलू, कचेरीतल्या कोणाकोणाला हे सांगायचं, त्याचाही क्रम मनात लागत होता.

सरीतून कसाबसा बाहेर पडलो तो एका गुऱ्हाळासमोर. चुलाण थंड, रस उकळायची काहील पालथी घातलेली, माणूस नाही. आणि तिथं चिपाडांच्या ढिगाआडून एक म्हातारा पुढं आला. पांढरं धोतर, पांढरी दाढी, कपाळभर विभूतीचे पट्टे. माझ्याकडं बघून त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शरणार्थी, पावणं!"

इतका वेळ दर्शनाची तयारी केलेली आणि प्रत्यक्षात माझ्या डोक्यात काय यावं? तर सकाळी गाडीत वळिवडे स्टेशनावर एक गृहस्थ फाळणीनंतर तिथं वसवलेल्या शरणार्थी लोकांबद्दल सांगत होते, ते. मला वाटलं, म्हाताऱ्यानं मला त्यातला समजलं. मी जड जिभेनं म्हणालो, "नाही हो, मी शरणार्थी नाही. मी सरकारी नोकर. कायम." आणि तिथंच मटकन खाली बसलो.

म्हाताऱ्यांना लोक आप्पा म्हणतात, हे पुढं कळलं. त्यांनी मला धरून सावलीत नेलं आणि मुठीएवढा गुळाचा खडा तोंडापुढं धरला.

"खावा."

"उपास आहे."

"गूळ उपासाला चालतोय की!"

"निरंकार आहे. आणि मला साखर आहे."

"साखर हाय म्हंतासा, मग काढा की भाईर! न्हाई न्हवं? मग गप ह्यो खावा."

मी अटींचा विचार करत मान हलवत होतो. अकरावी खेप, शेवटचा उपास, आता मोडला तर सगळं प्रकरण नामंजूर. आप्पा वाकून माझ्या डोळ्यांत बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माज्या थोरल्या भावाला असंच झालतं. अस्साच घाम. आमी म्हंटलं, झोपलाय, झोपू दे." एवढं म्हणून त्यांनी खडा माझ्या ओठांना टेकवला. मला एकदम वडिलांचा सोपा दिसला आणि या खेपेला त्यात माझी बायको एकटी बसलेली होती, बापू सोबत आहे या भरवशावर. मी तोंड उघडलं. अकरा रविवारांचं पुण्य त्या खड्याबरोबर विरघळलं. इतका गोड पराभव मी आजवर खाल्लेला नाही.

पाव तासात हात थांबले, डोकं ठिकाणावर आलं आणि कळलं, उपाशीपोटी घेतलेल्या गोळीनं साखर नको तितकी उतरली होती. मग मी विचारलं, "आप्पा, आज गुऱ्हाळ बंद, माणूस नाही, तुम्ही इथं कसे?"

"चष्मा इसरलो म्हणून आलतो. शिवरात्र हाय, घरात पोथी वाचायची तर चष्मा गावंना. समदी चिपाडं उलथली." हे सांगता सांगता त्यांनी घाम पुसायला बंडीच्या खिशातून रुमाल काढला आणि रुमालाबरोबर चष्मा मांडीवर पडला. "यप्पा!" आप्पा म्हणाले. "खिशातच व्हता की रं हा!" आणि आम्ही असे हसलो की शेजारच्या लिंबावरचे कावळे उडाले.

हसू ओसरल्यावर त्यांनी मला त्या 'शरणार्थी'चा उलगडा केला. "आमच्या लिंगायतांत नमस्कार असा घालत्यात. एकानं म्हणायचं शरणार्थी, दुसऱ्यानं म्हणायचं शरणु. मी तुमाला शरण, तुमी मला शरण. हुतंय काय मग, भांडायला कोन शिल्लकच ऱ्हात न्हाई. आन् तुमी म्हंतासा, मी सरकारी नोकर!" त्यांनी मला लुनावर मागं बसवून स्टेशनावर सोडलं आणि गाडी येईपर्यंत बाकावर शेजारी बसून राहिले. पोथी घरी तशीच राहिली असणार.

घरी सगळं खरं सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येणार." आणि माझ्या सगळ्या शर्टांच्या खिशांत कागदात बांधलेला गुळाचा एकेक खडा टाकून ठेवला. आजही टाकते. मुंग्यांमुळं कचेरीत माझी पुष्कळ अब्रू गेली आहे.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो, ती, बापू आणि मी. डांबरी रस्त्यानं, पोटभर भाकरी खाऊन. गुऱ्हाळ धडाडून पेटलेलं होतं. आप्पांनी लांबूनच हाळी दिली, या खेपेला चष्मा नाकावर होता. बापूनं काकवीचे दोन पेले रिचवले आणि माझ्याकडं बघून "कायम सरकारी नोकर!" म्हणून पुन्हा पुन्हा हसला. आप्पांकडून ऐकलेलं तो पुढं वर्षभर कचेरीत सांगत होता, ते वेगळंच.

मग वर रामलिंगाला गेलो. गुहेत त्या दिवशी कोणी नव्हतं. मी वाटेत देवाला सांगायचं खूप जुळवून ठेवलं होतं. उपास का मोडला, अकरावी खेप अपुरी का, सवलत मिळेल का. पिंडीसमोर उभा राहिलो आणि त्यातलं एक वाक्य आठवेना. आप्पांचा चष्मा त्यांच्याच खिशात होता आणि तरी त्यांनी तो शोधायला तिथंच यावं, माझ्याच वेळेला, हा विचार फक्त राहिला. त्यांचा विसराळूपणा आणि माझा शहाणपणा यांची गाठ कुणी घातली, ते मी सांगू शकत नाही. मी हात जोडले आणि तोंडातून एकच शब्द आला, "शरणार्थी."

वरच्या कातळातून एक थेंब सुटला आणि पिंडीवर टपकन पडला.

माझी साखर काही गेली नाही. गोळ्या चालू आहेत, पायही चालू आहेत, आणि पाय चाचपायची सवय मात्र सुटली. आप्पा आता नाहीत. तो थेंब तिथं रोजच पडतो, मी नसतानाही पडतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला तो 'शरणु' असा ऐकू आला. मग वाटलं, पलीकडून जबाब तर कधीचाच येत असेल. नमस्कार घालायचं आपलंच राहून गेलं असेल.