हनुवटीवर बोट

वाटूरच्या फाट्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका खेड्यात मी तेव्हा शिकवत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोन खोल्या, चार इयत्ता आणि माझा नाकावरचा राग, एवढाच त्या शाळेचा पसारा. जूनमध्ये एक मेंढपाळ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गावातली चुलती तिला ठेवून घ्यायला तयार होती, पण बापाचा शाळेवर भरवसा नव्हता.

"दिवाळीपस्तोर बघतो बाई," तो म्हणाला. "मन लागलं तर ठीक. न्हाई तर मंग मेंढरामागं घेऊन जातो."

निघताना त्याला तिला काही सांगायचं होतं. त्यानं वाकून एक खडा उचलला आणि तिच्या पुढ्यात टाकला, मेंढरू वळवायला टाकतात तसा. ती वळली. त्यांच्या घरात तिला हाक मारायची हीच रीत होती आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. खरं सांगते, मलाही वाटलं नाही. उलट आयती युक्ती मिळाली म्हणून मी खूश झाले.

मी तिला अगदी पुढे, फळ्यासमोर बसवलं. तिचं लक्ष हवं असलं की खडूचा तुकडा तिच्या पाटीवर टाकायचे. बाईंचं बघून पोरंही मागून खडू टाकायला लागली. मी फळ्याकडे वळले की ही दप्तर उचलून मागच्या भिंतीला जाऊन बसे. मी दंडाला धरून पुढे आणायचे, ती पुन्हा मागे. आपण हिच्या भल्यासाठी मरमर करतोय आणि ही ऐकत नाही, म्हणून माझा संताप व्हायचा. ऐकत नाही म्हणे! डोकं फिरलं की माणसाला एवढंही कळत नाही.

पोळ्याच्या आसपास एकदा असाच माझा आवाज चढला होता. तेव्हा तिच्या शेजारची, एरवी मान वर न करणारी मुलगी उभी राहिली. "बाई, पुढं बसल्यावर तिला आमी कुणीच दिसत न्हाई," ती म्हणाली. "खडू कोन मारून राह्यलं तेबी दिसत न्हाई."

मी खाली बसले. डी.एड.च्या दोन वर्षांत जे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते या चिमुरडीनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बसकरपट्ट्या तिन्ही भिंतींना लावल्या. आता सगळ्यांना सगळे दिसत होते. खडू टाकणं बंद, असं मी जाहीर केलं. मग तिला हाक कशी मारायची? पोरांनीच तोड काढली. तिच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका होता, म्हणून हनुवटीवर बोट टेकवलं की तिचं नाव. ते तिला इतकं आवडलं की तिनं आठवडाभरात सगळ्या वर्गाचं बारसं उरकलं. चड्डी सारखी वर ओढणाऱ्याची तीच खूण, मोठ्या कानांच्या पोराचे कान. माझं नाव होतं दोन भुवयांच्या मधे बोट, म्हणजे आठी. मी रागावले, तर पोरांनी लगेच ते दाखवलं, आणि मला हसू फुटलं.

आमची हजेरी खुणांनी होऊ लागली. आपली खूण झाली की हात ताठ वर करायचा. एक मुलगा बोलताना अडखळायचा, 'हजर' म्हणताना रोज घामाघूम व्हायचा. आता त्याचा हात सगळ्यांत आधी वर जाई. आणि ती सगळ्यांच्या तोंडांकडे, हातांकडे बघत शब्द लिहायला लागली.

दिवाळीनंतर बाप आला तो नेमका हजेरीच्या वेळी. मेंढरं दुसऱ्या दिवशी निघणार होती. तिची वही मी दाखवायला काढून ठेवली होती, पण तो उंबऱ्यातच थांबून बघत राहिला. खोलीत आवाज नव्हता, नुसते हात हलत होते. संपल्यावर त्यानं हळूच विचारलं, "ह्या खुना तुमी शिकवल्या तिला?"

"नाही," मी म्हणाले. "तिनं आम्हाला शिकवल्या."

वहीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "ऱ्हाऊ द्या मंग चुलतीपाशी," एवढंच बोलला. मला इतका आनंद झाला की मी उगाचच फळा पुसायला लागले.

मधल्या सुट्टीत तो निघाला. ती मैदानात पोरींबरोबर खेळत होती, त्याच्याकडे पाठ करून. सवयीनं तो वाकला, खडा उचलला. क्षणभर थांबला आणि खडा तसाच खाली सोडून दिला. मग लांबून वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभा राहिला आणि आपल्या दाढीच्या खुंटांवर बोट टेकवलं.

खेळ सोडून ती ताठ उभी राहिली आणि तिनं हात वर केला.