लाटण्याने ऐकणारे दादा

"वैनी, लाटना द्या जरा."

घरात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य हे. चपला दाराबाहेर, हत्यारांची पिशवी दाराच्या आत आणि हात लाटण्यासाठी पुढे. ट्रेनर दुरुस्त करायला आलेला माणूस आधी पोळ्या करणार की काय, असं माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. दादांनी लाटण्याचं एक टोक यंत्राला टेकवलं, दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "मारा पायडल. आनि गप ऱ्हावा. तिला बोलू द्या."

ट्रेनर ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायकलचं मागचं चाक काढायचं, तिचं बूड एका यंत्रावर बसवायचं आणि घाम फुटेपर्यंत जागच्या जागी पुढे जायचं. आमच्या नवी मुंबईत हल्ली कितीतरी प्रवासी असे रोज सकाळी बेडरूमच्या भिंतीकडे तोंड करून लोणावळ्याला निघतात. यंत्र नवं असतं तोवर मुकाट चालतं. मग घरघरतं, कण्हतं, किंचाळतं. तेव्हा दादांना फोन जायचा. दादा दिवाळे गावचे. उमेदीची वर्षं मासेमारीच्या बोटींच्या इंजिनांत गेलेली, नंतरची पावणे गावातल्या एका कारखान्यात बेअरिंगं बसवण्यात. साठी उलटलेली, बोटं काळी, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा.

त्यांचा नंबर दिला सानपाड्याच्या एका बँकवाल्या मित्राने. त्याने 'कट् कट्' आवाजापायी यंत्राचे दोन भाग बदलून घेतले होते, तरी कट् कट् चालूच. दादांनी लाटणं लावलं यंत्राला, मग फरशीला, मग सीटला. शेवटी मित्राच्या गुडघ्याला.

"सायेब, आवाज इथं हाय."

"मग आता?"

"हा पार्ट आपल्याकडं नाय भेटत."

आमच्या घरचं प्रकरण जरा वेगळं होतं. माझ्या हृदयात नुकताच स्टेंट बसला होता. रोज अर्धा तास सायकल, तीही घरात, असा डॉक्टरांचा हुकूम. पंधरा दिवसांत ट्रेनर असा कण्हायला लागला, की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये मला गाठून हळूच विचारलं, "तुमच्याकडे सकाळी कोणी आजारी असतं का हो? मी रामरक्षा म्हणून पाहिली, थांबत नाही ते."

दादांनी तासाभरात ते कण्हणं काढलं. बेअरिंग कोरडं पडलं होतं. मी खूश होऊन पायडल मारलं, आणि ऐकतो तर काय, आतल्या मोठ्या चाकाच्या दर फेऱ्याला एक बारीकसं 'टुक'. वाकून पाहिलं. चाकाच्या कडेला प्लास्टिकची नखाएवढी पट्टी बसवलेली, मुद्दाम.

"दादा, हे काय? आधी नव्हतं."

"मीच ठेवला हाय. ऱ्हाऊ द्या तो एक." आणि स्वयंपाकघराकडे वळून, "वैनी, तिथं आयकू येतंय का?"

"येतंय की!"

"मंग झालं."

मंडळी, मी हट्टी माणूस. काम घेतलं आवाज काढायचं आणि जाताना स्वतःचाच एक ठेवून गेला, म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी नेलकटर घेतलं आणि पट्टी उडवली. काय शांतता पसरली! मी स्वतःवर फिदा होऊन पाय मारत होतो, तोच दार किलकिलं झालं. बायको. हाताला कणीक.

"काय गं?"

"काही नाही."

पाच मिनिटांनी पुन्हा. "पाणी हवंय?" तिसऱ्यांदा आली तेव्हा काही विचारलंच नाही, नुसतं पाहिलं आणि गेली. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी पोळपाट खोलीच्या दाराशी आणून ती जमिनीवर बसली. तव्यावरची पोळी तिकडे करपत होती. मी खो खो हसलो. म्हटलं, "पहारा आहे का?"

ती खाली बघून म्हणाली, "आवाज येत नाही. तुम्ही आहात की नाही ते कळत नाही मला."

हसू तोंडातच राहिलं. त्याच दिवशी मी दादांना फोन केला. फोनवरच त्यांना हसू आवरेना. "आवाज काढायला सगले बोलावतान. घालायला तुमीच पयले!"

आले. लाटणं मागितलं नाही. नवी पट्टी कापताना आपणहून बोलायला लागले.

"आमच्या गावात बोट दिसायच्या आदी आयकू यायची. धाकट्या भावाची बोट खोकायची. खाडीत खोकला आयकला का आई भात टाकायची. मी तवा नवा नवा हुशार. म्हनलं, थांब, काढतो तुजा खोकला. काढला. बोट सगल्यांसारखी वाजाय लागली." पट्टी त्यांनी चाकाला लावून पाहिली, थोडी वाकवली. "आठ दिसांनी वाऱ्यात गेला तो. आला नाय. बोट पन नाय."

बायको दारात उभी होती.

"आनि आई?" तिने विचारलं, त्यांच्याच बोलीत.

"आई काय, वैनी. खोकला असता तर तिला कललं असतं, ही त्याची नाय, ही पन नाय. आता कुठलीबी बोट आली तरी त्याचीच. उठायची, भात टाकायची, दार उघडून बसायची. मरेपरेंत." मग माझ्याकडे वळून, "मारा पायडल."

टुक. टुक. टुक.

यंदा ट्रेनरचा पट्टा घसरला म्हणून फोन केला, तर त्यांच्या मुलीने उचलला. दादा जाऊन तीन महिने झाले होते. मग तिनेच विचारलं, "तुमच्या मशीनमंदी हाय का त्यांचा आवाज?" मी हो म्हटलं. "जपा," म्हणाली.

पट्टा दुसऱ्या एका कारागिराने बसवला. फार सफाईदार माणूस. त्याला मी आधीच बजावलं होतं, त्या पट्टीला हात लावायचा नाही.

रोज अर्धा तास झाला की मी पाय थांबवतो आणि उतरतो. आतलं चाक मात्र आपल्या जोरावर फिरत राहतं. टुक, टुक... टुक... टुक. इंजिन बंद करून धक्क्याकडे सरकत येणाऱ्या बोटीसारखं. त्या वेळी स्वयंपाकघरात लाटणं थांबतं. आम्ही दोघं दोन खोल्यांत उभे राहून ऐकत असतो. शेवटचा टुक होतो, मग काहीच नाही, आणि त्या शांततेत मी दरवेळी आधी हाक मारतो, "आलो गं."

मगच ती पोळी तव्यावर टाकते.